शर्यत त्यांची, तिजोरी कोणाची?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मोटारींच्या शर्यतीचा आहे हे फलकावर वाचून तुमच्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव, पाणी, बंद पडलेल्या शाळा आणि शहरांकडे निघालेले तरुण हे ज्यांचे रोजचे प्रश्न आहेत, त्यांच्यापुढे ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर धावणाऱ्या मोटारींची चर्चा कशासाठी? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशी शर्यत झालेली नाही आणि नजीकच्या काळात ती होईल असेही नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला. सार्वजनिक पैसा खाजगी कामाकडे कसा वळविला जातो, त्यावर सही कोण करतो, नफा कोण नेतो आणि तोटा कोणाच्या माथी बसतो, हे सारे या एका उदाहरणात जितके स्वच्छ दिसते तितके धरणाच्या किंवा साखर कारखान्याच्या हिशेबात दिसत नाही. तिथे हिशेब जुना आणि गुंतागुंतीचा असतो. इथे मात्र एकच दिवस, एकच करार आणि एकच तिजोरी आहे.

दुसरे कारण असे की, ही गोष्ट हैदराबादची आहे. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्याचा भाग होतो. आजही नांदेडचा रोगी मोठ्या उपचारासाठी हैदराबादला जातो, देगलूर-बिलोलीचा मजूर कामासाठी तिकडे जातो आणि उदगीरचा व्यापारी तिकडच्या बाजाराकडे डोळे लावून असतो. हैदराबादला जे घडते ते आपल्याला परके नाही.

आता हकीकत पाहू. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागर तलावाच्या काठी, नव्या सचिवालयाच्या परिसरातील रस्त्यांवर 'फॉर्म्युला ई' ही विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. भारतातली ही अशा प्रकारची पहिलीच शर्यत. मार्ग पावणेतीन किलोमीटरहून थोडा अधिक. त्यासाठी शहराच्या मध्यभागातील रस्ते अडविण्यात आले. शर्यत फ्रान्सच्या ज्याँ-एरिक व्हेर्नने जिंकली. तत्पूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन पक्षांचा करार झाला होता : शर्यतीचे हक्क असलेली परदेशी कंपनी, स्थानिक खाजगी प्रवर्तक आणि तेलंगण सरकारचे नगरविकास खाते. ढोबळ विभागणी अशी की यजमानपदाची फी प्रवर्तकाने द्यावी आणि रस्ते वगैरे नागरी सोयी सरकारी यंत्रणांनी कराव्यात. करार एका वर्षाचा नव्हता, पुढच्या हंगामांचाही होता.

पहिली शर्यत झाली. छायाचित्रे छापून आली, चित्रपटतारे आणि क्रिकेटपटू येऊन गेले. त्यानंतर प्रवर्तकाने अंग काढून घेतले. आता एक गोष्ट लक्षात घ्या. खाजगी उद्योजकाला एखादा धंदा परवडेनासा झाला की त्याने तो सोडावा, हे बाजाराच्या नियमाला धरूनच आहे. पण त्याने सोडलेली जागा भरून काढली कोणी? हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये या प्राधिकरणाच्या खात्यातून सुमारे ५५ कोटी रुपये खर्ची पडले. त्यांपैकी सुमारे ४६ कोटी परकीय चलनात, दोन हप्त्यांत, परदेशी कंपनीला गेले. नवा करार ३० ऑक्टोबरला झाला, म्हणजे पैसे आधी गेले आणि करारावर सह्या नंतर झाल्या. त्या वेळी विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. डिसेंबरमध्ये सरकार बदलले. ५ जानेवारी २०२४ रोजी दुसरी शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. पैसे गेले आणि शर्यतही झाली नाही.

पुढे काय झाले ते वृत्तपत्रांतून तुम्ही वाचलेच आहे. १९ डिसेंबर २०२४ रोजी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने माजी मंत्री के. टी. रामाराव, एक वरिष्ठ सनदी अधिकारी आणि प्राधिकरणाचे मुख्य अभियंता यांच्यावर गुन्हा नोंदविला. मंत्रिमंडळाची, वित्त खात्याची व रिझर्व्ह बँकेची योग्य ती परवानगी न घेता पैसे दिले, असा आरोप आहे. रामाराव यांनी तो फेटाळला आहे. हैदराबादचे नाव जगाच्या नकाशावर यावे आणि विजेच्या मोटारींचे कारखाने इकडे यावेत म्हणून हा निर्णय घेतला, एक पैसाही गैरमार्गाने गेला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. गुन्हा घडला की नाही हे न्यायालय ठरवील. आपण त्यात पडू नये, आणि एका पक्षाने दुसऱ्यावर केलेल्या आरोपाच्या मागे टाळ वाजवीत जाऊ नये. आपला प्रश्न निराळा आहे आणि तो अधिक अवघड आहे. समजा, सगळ्या परवानग्या रीतसर घेतल्या असत्या, फायलीवर प्रत्येक सही जागच्या जागी असती, तर हा खर्च योग्य ठरला असता काय?

या प्रश्नाला हात घालण्यासाठी थोडे अर्थशास्त्र सांगावे लागेल.

अशा शर्यतीचे हक्क जगात एकाच कंपनीकडे असतात. विकणारा एक, पण घेणारी शहरे अनेक. तुम्ही मोंढ्यात याच्या नेमके उलट चित्र रोज पाहता. तिथे विकणारे शेतकरी हजार आणि घेणारे अडते मूठभर, म्हणून भाव पडतो. शर्यतीच्या बाजारात विकणारा एक असल्यामुळे भाव चढतो. दहा शहरे बोली लावू लागली की ज्या शहराला शर्यतीपासून होणाऱ्या फायद्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याचीच बोली सर्वांत मोठी ठरते आणि यजमानपद त्यालाच मिळते. म्हणजे लिलाव जिंकणारे शहर बहुधा हिशेबात चुकलेले शहर असते. शर्यतीतून होऊ शकणारा सारा लाभ फीच्या रूपाने मक्तेदाराकडे आधीच गेलेला असतो. यात कोणाचा लोभ वा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही, तो या बाजाराच्या रचनेचाच परिणाम आहे.

मग समर्थक सांगतात की फीकडे पाहू नका, शहराला झालेल्या एकूण लाभाकडे पाहा. हैदराबादच्या पहिल्या शर्यतीनंतर आयोजकांनी नील्सन या संस्थेची पाहणी पुढे केली. तीनुसार लाभ सुमारे ८ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे जवळपास ७०० कोटी रुपये. हा आकडा विधानसभेपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत फिरला. असे आकडे ऐकले की कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा लाभ ठोक आहे की निव्वळ? शर्यतीला आलेल्या हैदराबादकराने तिकिटावर आणि खाण्यापिण्यावर जे पैसे खर्च केले, ते तो एरवीही शहरात कुठेतरी खर्च करणारच होता. चारमिनारजवळच्या दुकानातला खर्च हुसेनसागरच्या काठी सरकला, एवढाच फरक. त्याला नवी संपत्ती म्हणता येत नाही. रस्ते बंद असल्यामुळे ज्या रिक्षावाल्याचा आणि फेरीवाल्याचा धंदा बुडाला, त्याची वजाबाकी पाहणीत केली काय?

दुसरा प्रश्न : आलेला पैसा राहिला कुठे? फी परकीय चलनात बाहेर गेली. संघ परदेशी, यंत्रसामग्री परदेशी. पंचतारांकित हॉटेलच्या खोलीचे भाडे त्या दिवसांत वाढले, तरी खोली झाडणाऱ्या बाईची मजुरी वाढत नाही. एका रुपयातून पुढे किती उलाढाल होते हे सांगताना तो रुपया शहरातच फिरतो असे गृहीत धरलेले असते. तो पहिल्याच फेरीत विमानात बसला, तर सारा गुणाकार कोसळतो.

तिसरा प्रश्न : जाहिरातीचे मोल कसे धरले? दूरचित्रवाणीवर शहराचे नाव इतके तास दिसले, तेवढ्या वेळाच्या जाहिरातीला इतके पैसे पडले असते, म्हणून तेवढा लाभ झाला, असे गणित अशा पाहण्यांत पुष्कळदा असते. पण कारखाना येतो तो जमीन, वीज, पाणी, कुशल कामगार आणि बाजारपेठ पाहून. तलावाचे चित्र पाहून तो येत नाही.

माझे हे म्हणणे केवळ संशयी मनाचे वाटू नये म्हणून बाहेरचे दाखले देतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या महालेखापालांनी मेलबर्नच्या २००५ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतीचा हिशेब नव्याने तपासला आणि २००७ साली अहवाल दिला. त्यांच्या मते त्या शर्यतीचा राज्याला झालेला खर्च लाभापेक्षा ६७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरने अधिक होता. मलेशियाने १९९९ पासून सेपांगला शर्यत भरविली आणि २०१७ नंतर सोडून दिली. खर्च वाढला आणि प्रेक्षक घटले, असे कारण तेथील सरकारनेच दिले.

आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका दाखला दक्षिण कोरियाचा आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दक्षिण जेओला नावाचा प्रांत आहे. शेतीप्रधान, राजधानीपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आणि विकासात मागे पडल्याची भावना बाळगणारा. जणू त्यांचा मराठवाडाच. तिथल्या नेत्यांनी येओंगाम येथे समुद्रकाठी शर्यतीचा मार्ग बांधविला. त्याच्याभोवती नवे पर्यटनशहर उभे राहील असे लोकांना सांगितले. २०१० साली पहिली शर्यत झाली, २०१३ साली शेवटची. करार २०१६ पर्यंतचा होता. नवे शहर उभे राहिले नाही, तोटा मात्र प्रांतिक सरकारच्या गळ्यात पडला. मागासलेल्या प्रदेशाला झटपट विकासाचे आमिष अधिक भुरळ घालते, कारण त्याच्याजवळ वाट पाहण्याचा धीर उरलेला नसतो. हे वाक्य आपण आपल्यालाही लावून पाहावे.

निष्पक्षपातीपणासाठी सिंगापूरचेही सांगतो. तिथे २००८ पासून रात्रीची शर्यत होते आणि मान्य खर्चाचा सुमारे ६० टक्के भाग सरकार उचलते. पण शर्यतीच्या दिवसांत ज्या हॉटेलांची चांदी होते त्यांच्यावर खास उपकर बसवून सरकार काही पैसा परत घेते. ज्याला लाभ त्याने भार सोसावा, एवढे तत्त्व तरी त्या भांडवलशाही शहरराज्याने पाळले. आपल्याकडे तेवढेही होत नाही.

आता आपल्या देशातील मागचा इतिहास पाहू, म्हणजे हैदराबादची गोष्ट अपघाती नव्हे हे पटेल. त्याच हैदराबादेत २००३ साली चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने फॉर्म्युला वनसाठी गोपनपल्ली येथे सुमारे १५०० एकर जमिनीची योजना आखली होती. ती दुष्काळाची आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षे होती. २००४ साली मतदारांनी ते सरकार घालविले, नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी शेतकऱ्यांच्या मोफत विजेच्या आदेशावर सही केली आणि शर्यतीची योजना मागे पडली. वीस वर्षांत त्याच शहरात दोनदा तेच घडले : एका सरकारने शर्यत आणायची आणि दुसऱ्याने ती घालवायची. पण घालविणारेही आणणाऱ्यांपेक्षा मुळात वेगळा विचार करतात असे मानू नका. विरोधात असताना जो खर्च उधळपट्टी वाटतो, तोच सत्तेत आल्यावर 'प्रतिष्ठेचा' होतो.

उत्तर प्रदेशात ही शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे प्रत्यक्ष झाली. ग्रेटर नॉएडाजवळचा बुद्ध सर्किट हा मार्ग जेपी उद्योगसमूहाने बांधला. 'यात सरकारचा पैसा नाही' असे तेव्हा अभिमानाने सांगितले जाई. पण सरकारची जमीन होती. यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने या समूहाला सुमारे १००० हेक्टर जमीन दिली. शर्यतीच्या तिकिटांवरचा करमणूक करही राज्य सरकारने माफ केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तिकीटविक्रीच्या २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश झाला. त्याच पट्ट्यात भट्टा-पारसौल गावी मे २०११ मध्ये भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात शेतकरी आणि पोलीस मृत्युमुखी पडले. थकबाकीपोटी प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२० मध्ये ती १००० हेक्टर जमीन परत घेतली आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तोवर समूह दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला होता आणि त्याच्या प्रकल्पांत घरांसाठी पैसे भरलेली सामान्य कुटुंबे वर्षानुवर्षे ताटकळत होती. तेव्हा सार्वजनिक साहाय्य म्हणजे केवळ रोकड असे समजू नका. स्वस्त जमीन, माफ केलेला कर, फुकट बंदोबस्त, बंद केलेला रस्ता हीदेखील अनुदानेच आहेत. ती अंदाजपत्रकात दिसत नाहीत एवढेच.

आणखी एक तुलना मनन करण्यासारखी आहे. २००९ साली याच खाजगी समूहाला परदेशी कंपनीकडे सुमारे ३ कोटी ६५ लाख डॉलर पाठवायचे होते. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने त्यास संमती नाकारली. या शर्यतीत मानवी पराक्रमापेक्षा धंदा आणि करमणूक अधिक, अशी त्याची भूमिका होती. एका खाजगी कंपनीला स्वतःचे पैसे पाठविण्याससुद्धा तेव्हा हरकत घेतली गेली. चौदा वर्षांनी एका सार्वजनिक प्राधिकरणाने लोकांचे पैसे पाठविले. राज्य कोणत्याही पक्षाचे असो, सार्वजनिक पैशाविषयीची आपली शरम या काळात किती बोथट झाली, याचे हे माप आहे.

चेन्नईला ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये रस्त्यावरची फॉर्म्युला फोर शर्यत झाली. तमिळनाडू सरकारने त्यावर ४२ कोटी रुपये खर्च केले होते. ते खाजगी प्रवर्तकाने सरकारला भरून द्यावेत असे मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्देश रद्द केला. अशा स्पर्धेत सरकारने किती भाग घ्यावा हा धोरणाचा प्रश्न आहे, तो न्यायालयाने ठरवू नये, असा त्याचा आशय होता. मला हे योग्य वाटते, आणि त्यातूनच आपली जबाबदारी सुरू होते. न्यायालय धोरण ठरविणार नसेल तर ते ठरवायचे लोकांनी, आपल्या प्रतिनिधींमार्फत. पण असा खर्च प्रतिनिधींसमोर येतो तरी काय?

येथे आपण मुख्य मुद्द्याशी आलो. हैदराबादेत पैसे कोणी दिले ते पुन्हा आठवा. विधिमंडळाने दिले नाहीत, महानगरपालिकेच्या सभेनेही दिले नाहीत. ते प्राधिकरणाने दिले. प्राधिकरणाचे उत्पन्न जमिनींच्या लिलावातून आणि बांधकाम-परवान्यांच्या शुल्कातून येते. ऑगस्ट २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने कोकापेटची सरकारी जमीन विकली तेव्हा एकराला शंभर कोटींपर्यंत भाव गेला. ज्या संस्थेकडे पैसा अमाप आहे, पण जिच्या खर्चाला हात वर करून कोणी मंजुरी देत नाही आणि जिला मतदारापुढे कधी उभे राहावे लागत नाही, तिच्यातून असा खर्च सहज निघतो. प्राधिकरणे, महामंडळे आणि विशेष कंपन्या निघू लागल्यापासून सार्वजनिक पैशाचा मोठा ओघ निवडून आलेल्या सभागृहांना वळसा घालून वाहू लागला आहे. शर्यत हे त्या ओघावरचे रंगीत फूल आहे. आपण ओघाकडे पाहावे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. २०२५ साली नवी मुंबईच्या रस्त्यांवर मोटारशर्यत भरविण्याची घोषणा झाली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा झाली आणि तिच्यासाठी रस्ते नव्याने करण्यात आले. सायकलीची मोटारीशी बरोबरी मी करणार नाही, आणि शर्यत संपल्यावर रस्ता गावाला उरतो हेही खरे. पण खेड्याने अर्ज केला तर रस्त्याला निधी नसतो आणि परदेशी सायकलपटू येणार म्हटले की निधी सापडतो, हा क्रम कोणत्या न्यायाचा?

क्रिकेटचेही तेच. मुंबईतील सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क वर्षानुवर्षे थकले होते. २०२३ साली राज्य सरकारने हे शुल्कच कमी केले, आणि तेही २०११ पासून मागे जाऊन. गडगंज संघटनेला बारा वर्षे मागे जाऊन सवलत मिळते. आपल्या थकीत वीजबिलाच्या शेतकऱ्याला अशी सवलत निवडणूक जवळ आल्याशिवाय मिळाल्याचे तुम्ही पाहिले आहे काय?

लातूरकरांना एप्रिल २०१६ विसरता येणार नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून जनहित याचिका झाली होती. तेवढ्या पाण्याने मराठवाड्याची तहान भागणार नाही, असे तेव्हा काही विद्वानांनी सांगितले. ते गणित बरोबर होते. पण लोकांचा प्रश्न गणिताचा नव्हता, अग्रक्रमाचा होता. टंचाई असताना आधी कोणाला आणि नंतर कोणाला, हे ठरविणे म्हणजेच राजकारण. त्या वर्षी हा प्रश्न न्यायालयाला विचारावा लागला, कारण विचारण्याची अन्य जागा आम्ही मोकळी सोडली होती.

आणि आता आपले घर. २००८ साली नांदेडला गुरुता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्ताने नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत नांदेडचा समावेश झाला. त्याच्याहून मोठी शहरे बाहेर राहिली असता नांदेडला केंद्राचा मोठा निधी मिळाला. सोहळा आणि शर्यत यांची मी तुलना करीत नाही. श्रद्धेने येणारा यात्रेकरू आणि तिकीट काढणारा प्रेक्षक एक नव्हेत, आणि त्या निधीतून झालेले रस्ते, पूल, जलवाहिन्या शहरात राहिल्या. माझा मुद्दा असा की, आपल्या शहराला पाणी आणि गटारे मिळण्यासाठी एका सोहळ्याचे निमित्त लागले. त्यानंतर लगेच, २००९ मध्ये, नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती ही पाच विमानतळे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीकडे गेली. नांदेडला २०१७ साली पुन्हा विमान सुरू झाले ते केंद्राच्या अनुदानित 'उडान' योजनेतून. म्हणजे धावपट्टी लोकांच्या पैशाची, भाडेपट्टा खाजगी आणि उड्डाणाला पुन्हा लोकांचे अनुदान. हैदराबादच्या शर्यतीचे सूत्र आपल्या दारात आधीच येऊन गेले आहे.

दुसरीकडे अनुशेषाची कथा पाहा. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष मोजून दिला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळ आले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ते पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेण्यासच राज्य मंत्रिमंडळाला सप्टेंबर २०२२ उजाडला. शर्यतीच्या करारात हप्त्याची तारीख असते आणि ती चुकली तर भरपाईचे कलम असते. अनुशेषाला ना तारीख, ना कलम. परदेशी कंपनीला दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आणि मराठवाड्याला राज्यघटनेच्या ३७१व्या कलमाखाली दिलेला शब्द मात्र ऐच्छिक, असा हा व्यवहार आहे.

शिवाय आपल्या दोन्ही महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत तेथे प्रशासकांचा कारभार चालला. तीन वर्षांहून अधिक काळ कोट्यवधींचे ठराव एकाच अधिकाऱ्याने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. या काळात कामे झाली असतील, काही चांगलीही झाली असतील. पण विरोधात बोट वर करणारे कोणी तिथे नव्हते. हैदराबादच्या प्राधिकरणात जे कायम असते, ते आपल्याकडे तीन वर्षे होते, आणि फारशी ओरड झाली नाही. याची खंत वाटते.

तुम्ही म्हणाल, समाजवादी मंडळी खेळाच्या आणि उत्सवाच्या विरुद्ध आहेत काय? मुळीच नाही. कष्टकऱ्याच्या आयुष्यात आनंदाला जागा असलीच पाहिजे आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हायलाही हरकत नाही. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या. घोड्यांचा, गाढवांचा, जनावरांचा बाजार भरतो, कुस्त्यांचा फड रंगतो, तमाशाचे फड आणि लोककलावंत येतात. जिल्हा परिषद तिथे कृषिप्रदर्शन आणि पशुप्रदर्शन भरविते. तिच्या खर्चातही त्रुटी निघतील, त्यावर भांडणे होतात आणि व्हावीत. पण भांडायला जागा आहे. खर्च निवडून आलेल्या संस्थेच्या अंदाजपत्रकात येतो, आणि पैसा भटक्या विमुक्तांच्या, पशुपालकांच्या, छोट्या दुकानदारांच्या हातात फिरतो. यात्रेचे हक्क कुठल्या परदेशी कंपनीकडे नाहीत. सार्वजनिक उत्सव आणि सार्वजनिक खर्चाने केलेला खाजगी उत्सव यांतला भेद एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

तर मग कार्यकर्त्याने करावे काय? केवळ निषेधाचे पत्रक काढून भागणार नाही. उद्या आपल्या जिल्ह्यात शर्यत नसेल, दुसरे काही असेल : एखादा महोत्सव, एखादे स्मारक, एखादे क्रीडासंकुल, एखादी गुंतवणूक परिषद. कोणताही प्रकल्प असो, पाच प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. पैसे कोणत्या लेखाशीर्षातून जाणार? कोणत्या निवडून आलेल्या सभागृहाने त्याला मंजुरी दिली? खाजगी भागीदार मधेच निघून गेला तर उरलेला भार कोणावर? रोख पैशाखेरीज जमीन, करमाफी, पाणी, पोलीस यांची किंमत किती धरली? आणि लाभाचा आकडा कोणी काढला, त्याला पैसे कोणी दिले? करार सहीपूर्वी मराठीत प्रसिद्ध करा, ही मागणी तर प्रत्येक ठिकाणी केलीच पाहिजे.

आणखी एक काम. आपापल्या तालुक्यातील शाळांच्या नादुरुस्त खोल्या, रिक्त डॉक्टर, अर्धवट पाणीयोजना यांची यादी रकमेसह तयार ठेवा. ५५ कोटी हा आकडा ऐकल्यावर सामान्य माणूस नुसता थक्क होतो, कारण त्याला त्याचे माप माहीत नसते. त्या आकड्याशेजारी आपल्या तालुक्याची यादी ठेवली की तो थक्क होणार नाही, तो प्रश्न विचारील. दोन्ही शहरांत आता सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. प्रेक्षकांच्या सज्जात आपले दोन कार्यकर्ते वही घेऊन दर सभेला बसलेले असावेत. अंदाजपत्रकाच्या सभेपासून सुरुवात करू या.